पांढरी एकमधला गोंधळ

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, दर फोनला तुम्ही विचारता, "पेटी वाजते का गं, की कपाटावर आहे?" तर कळवते की काल पेटी वाजली. चारचौघांत वाजली, पाऊण तासाहून जास्त वाजली. काय वाजलं ते मात्र फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र.

आमच्या वाचनालयात एक कागद चिकटवला होता : शनिवारी ओकलंडला सगळ्यांनी मिळून एक रचना वाजवायची आहे, कोणतंही वाद्य आणा, फारसं येत नसलं तरी चालेल. ही शेवटची अट आमच्या घराला इतकी चपखल बसत होती की न जाणं अपमानास्पद झालं असतं. मी पेटी घेतली, तुमच्या जावयांनी मुलाचा जुना कॅसिओ घेतला, धाकटीने शाळेतली प्लास्टिकची बासरी. थोरल्याने फक्त चेहरा पाडून घेतला.

जागा म्हणजे पूर्वीचं गॅरेज. गाडीखाली उतरायचा खड्डा अजून आहे, त्यावर फळ्या टाकल्यात आणि फळ्यांवर चेलोवाल्या बाई. एकीसारखी दुसरी खुर्ची नाही. दाराशी लोणच्याची रिकामी बरणी, तीत जमतील ते पैसे टाकायचे. (आई, तू विचारशील म्हणून : वीस डॉलर टाकले. चौघांचे मिळून.) ना सरकारी अनुदान, ना कोणी शेठ, आठ-दहा जण भाडं वाटून घेतात आणि त्यांच्यातलेच झाडूही मारतात. बाबा, छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांबद्दल तुम्ही म्हणता ना, "खुर्च्या टोचायच्या आणि नाटकंही टोचायची"? यातल्या खुर्च्यांची सोय इथेही चोख होती.

रचनेचं नाव 'इन सी'. टेरी रायली या इथल्याच कॅलिफोर्नियातल्या संगीतकाराची, 1964 सालची. सी म्हणजे आपली पांढरी एक. अख्खी रचना एका कागदावर मावते : लहान-लहान 53 तुकडे. प्रत्येकाने पहिल्यापासून सुरुवात करायची, एकेक तुकडा मनाला येईल तितक्या वेळा घोळवायचा आणि मग पुढच्यावर जायचं. हातवारे करणारा कोणी नाही. किती वेळ चालेल ते ठरलेलं नाही. अटी दोनच. आजूबाजूचं ऐकायचं, आणि इतरांच्या दोन-तीन तुकड्यांहून फार पुढे किंवा मागे जायचं नाही. शेवटच्या तुकड्यावर पोचलेल्याने सगळे येईपर्यंत तोच वाजवत थांबायचं. पुन्हा वाचा बाबा, थांबायचं. हे पुढे लागणार आहे.

सगळे हरवू नयेत म्हणून एक जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वरचा सा एका लयीत ठोकत राहतो. ही युक्ती मुळात रायलीची नव्हे, पहिल्या प्रयोगाच्या तालमीत वाजवणारे भरकटायला लागले तेव्हा संगीतकार स्टीव्ह राइशने सुचवलेली. काल मारिम्बावर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांवर, ते काम एका ताईंकडे होतं.

सुरू होण्याआधी तुमच्या जावयांनी हात वर केला. बायको मिरजेची असल्याचं त्यांना परदेशात फार भरतं येतं. म्हणाले, या रचनेचं मूळ आमच्या सासुरवाडीत आहे. तिथे गल्लीत तंबोरे बनतात, तिथे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, आणि रायली हे किराण्याच्याच पंडित प्राणनाथांचे शिष्य, म्हणजे हा ठोकलेला सा मिरजेचाच. थोडी शांतता झाली. मग क्लॅरिनेटवाल्या आजी म्हणाल्या, "किती छान! पण हे 1964 च्या नोव्हेंबरात पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत, डिव्हिसाडेरो रस्त्यावर पहिल्यांदा वाजलं. पंडितजींचा गंडा रायलीने बांधला तो 1970 साली." वर आणखी, प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ. तेही किराण्याचेच, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नात्यातले, पण मिरजेचे नव्हेत. आजींना एवढं ठाऊक असायचं कारण असं की पंडितजींनी याच ओकलंडच्या मिल्स कॉलेजात शिकवलंय. जावई खाली बसले. नातं निघालं, पण चुलत.

पहिला तुकडा म्हणजे 'सा'चा कण घेऊन गंधार. बस्. गंधार, गंधार, गंधार. आणि बाबा, आपल्या पेटीचा मधला गंधारच नेमका आळशी झालाय, दाबला की खालीच बसून राहतो, नखाने उचलावा लागतो. शेजारी एक मिशाळ गृहस्थ अ‍ॅकॉर्डियन घेऊन होते. आमचे दोघांचे सूर लागले आणि मधोमध लाट उठली, वॉव-वॉव-वॉव. आपली पेटी केसभर चढी आहे. जुळवून घ्या म्हणून मी दहा वर्षं मागे लागले होते आणि तुम्ही "भजनाला चालते" म्हणून टाळत आलात. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले, भाता हळू केला. तर ते गृहस्थ कानाशी येऊन म्हणतात, "थांबू नका! ही थरथर यावी म्हणून आम्ही एकाच सुराच्या दोन पट्ट्यांतली एक मुद्दाम चढी करून घेतो, पैसे मोजून." बाबा, तुम्ही फुकटात करून ठेवलंय.

चौदाव्या तुकड्यात तीव्र मध्यम येतो. नाव पांढरी एकचं, पण त्या एका सुराने सगळं घर बदलल्यासारखं झालं आणि माझी बोटं आपोआप यमनकडे वळली. कागदावर नसलेलं नि रे ग वाजून गेलं. कोपऱ्यात एक जण चक्क करवत वाजवत होता, लाकूड कापायची, पाती वाकवून त्यावर धनुकली घासत. त्याने ते उचललं आणि करवतीतून यमन रडायला लागला. आजींनी भुवई उंचावली. मी मुकाट्याने पंधराव्यावर गेले.

इकडे धाकटी पहिल्या तुकड्यावरच होती. शेवटपर्यंत पहिल्यावरच राहिली, तिला तो आवडला. आणि तुमचे जावई? ऑफिसात दिलेलं काम मुदतीआधी संपवायची सवय. अकराव्या मिनिटाला 53 तुकडे उरकून, विजयी मुद्रेने आजूबाजूला बघत बसले. कोणी तेवीसवर, कोणी एकोणिसावर. थांबायचं म्हणजे काय ते तेव्हा डोक्यात शिरलं. मग पुढची चाळीसेक मिनिटं हा माणूस कोमल निषाद-पंचम, निषाद-पंचम करत बसून होता. आई, लग्नाला अठरा वर्षं झाली. गाडीत बसून हॉर्न न वाजवता त्यांनी माझी वाट पाहिली ती काल पहिल्यांदा. पस्तिसावा तुकडा सगळ्यात लांब आहे. तो मी मुद्दाम चार वेळा वाजवला.

मध्येच मला जाणवलं की मारिम्बा बदललाय. ताईंचा हात भरून आला होता, आणि काठ्या आपल्या थोरल्याच्या हातात होत्या. कधी उठला, कोणी बोलावलं, काही कळलं नाही. पाडलेला चेहरा तसाच, पण सा एका रेषेत. ना घाई, ना ढिलाई. एरवी त्याला जेवायला हाक मारायची तर चार वेळा मारावी लागते. वीस मिनिटं तो त्या दोन पट्ट्यांवरून हलला नाही. मैफलीत गवयामागे तंबोऱ्यावर बसलेल्या मुलांकडे कोणी बघत नाही म्हणून तुम्ही हळहळता ना बाबा, मी काल पूर्ण वेळ तिकडेच बघत होते आणि त्यामुळे एकेचाळीस ते चव्वेचाळीस माझे सुटलेच.

शेवटी धाकटी सोडून सगळे त्रेपन्नावर जमले. आवाज फुगला, ओसरला, पुन्हा फुगला, आणि एकेक जण गळत गेला. करवत थांबली, आजी थांबल्या, जावई सुटकेचा श्वास टाकून थांबले. थोरल्याने काठ्या खाली ठेवल्या. मी हात उचलला, आणि मागच्या कुठल्याशा तुकड्यात दाबलेला गंधार वाजतच राहिला. पट्टी खाली चिकटलेली, भात्यात हवा शिल्लक. नखाने उचलावी तर सगळं गॅरेज श्वास रोखून माझ्याकडे बघतंय. हलायची हिंमत झाली नाही. गंधार बारीक होत होत फुस्स करून गेला. क्षणभर कोणी हललं नाही, मग टाळ्या. "काय शेवट सुचला तुम्हाला!" म्हणून क्लॅरिनेटवाल्या आजींनी माझा हात धरला. धाकटी मोठ्याने मराठीत म्हणाली, "अगं, पेटी बिघडलीये." सुदैवाने कोणाला कळलं नाही.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पुन्हा आहे. यादीत त्यांनी आमच्या नावापुढे 'मिरजेची पेटी' असं लिहिलंय, त्यामुळे जावई पुन्हा फुगलेत. पेटी जुळवायची नाही असा अ‍ॅकॉर्डियनवाल्यांचा आग्रह आहे, तेव्हा तो विषय संपला. गंधाराचं तेवढं सांगा : पट्टीखालची स्प्रिंग नुसती ताणून भागेल की बदलावी लागेल? बदलायची तर गल्लीतून दोन आणून ठेवा, दिवाळीत येणाऱ्यांच्या सामानातून मागवीन. आणि आई, चकल्यांच्या डब्यात ठेवू नकोस, मागच्या वेळी मेणबत्त्या तशाच आल्या होत्या.

तुमची,
बेबी