नानांचं अजून ठरत नाहीये

नाना परवानगी मागतात, नाही असं नाही. फक्त पाणी आधी ओततात आणि परवानगी नंतर मागतात. ‘जरा बघू का हो?’ हे तुमच्या कानावर पडेपर्यंत बॉनेटवर अर्धा पेला पाणी पडलेलं असतं आणि नाना गुडघ्यांवर हात टेकून, मान तिरकी करून त्या पाण्याकडे बघत असतात. पाणी पसरलं, तर ‘हं’. थेंब होऊन घरंगळलं, तर ‘हंऽऽ’. या दोन हुंकारांतला फरक आमच्या सोसायटीत आता बालवाडीतल्या पोरांनाही कळतो.

हे गृहस्थ तुमच्याकडेही असणारच. तुमच्या नानांचं सोलरचं ठरत नसेल, नाहीतर गुडघ्याच्या ऑपरेशनचं, नाहीतर गावाकडच्या जमिनीचं. आमच्या नानांचं गाडीला सिरॅमिक कोटिंग करायचं की नाही, हे ठरत नाहीये. निळी बलेनो ताब्यात घेताना शोरूममधल्या पोराने विचारलं होतं, ‘सर, सिरॅमिक करून देऊ? पाच वर्षं रंगाकडे बघायला नको.’ नाना म्हणाले, ‘विचार करून सांगतो.’ तो पोरगा यथावकाश नोकरी सोडून गेला. नाना विचार करताहेत.

विचार म्हणजे नुसता विचार नव्हे. त्याला खाकी कव्हर घातलेली दोनशेपानी वही आहे. उभे रकाने पट्टीने आखलेले : दुकान, दर, थर किती, वॉरंटी, अटी आणि शेवटी ‘शंका’. दरांच्या रकान्यात पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंतचे आकडे, वर अठरा टक्के जीएसटी वेगळा. अटींच्या रकान्यात ‘दर सहा महिन्यांनी आमच्याकडेच सर्व्हिस न केल्यास वॉरंटी रद्द’ याखाली लाल रेघ. पण वहीचा जीव शंकांच्या रकान्यात. तो रकाना इतका भरलाय की शंका समासात शिरल्या आहेत.

पहिली मोठी शंका आली ती ‘९एच’वरून. एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, ‘काका, ९एच हार्डनेस! हिऱ्याच्या खालोखाल.’ दुसरा कोणी असता तर हिरा ऐकून पाघळला असता. नाना घरी येऊन वाचायला बसले आणि रात्री साडेदहाला माझी बेल वाजवली. ‘अहो, हिऱ्याचं दहा वेगळं आणि यांचं नऊ वेगळं! हे पेन्सिलीचं आहे!’ तेही खरंच होतं. खनिजांचा कठीणपणा मोजायची पट्टी वेगळी, तिच्यात हिरा दहावा. रंगाच्या थरासाठी मात्र चित्रकलेच्या पेन्सिली वापरतात. पेन्सिल ४५ अंशांत धरायची, ठरावीक दाबाने पुढे ढकलायची आणि कुठल्या पेन्सिलीला ओरखडा उठतो ते बघायचं. ९एच म्हणजे सगळ्यात कडक पेन्सिलही थर कापू शकली नाही, इतकंच. खिळ्याने, किल्लीने किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या पोराच्या सायकलच्या हँडलने काय होईल, याबद्दल पेन्सिल काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी नाना अप्पा बळवंत चौकातून पेन्सिलींचा संच घेऊन आले. सगळ्यात कडक मिळाली ती ६एच. प्रयोग कुणाच्या गाडीवर झाला, हे सांगायला नको. ‘तुमची वॅगनआर जुनी आहे म्हणून,’ नानांनी खुलासा केला. डाव्या दारावर ती रेघ अजून आहे. नानांच्या मते ती आधीपासूनच होती.

त्यानंतर मायक्रॉनचा मोसम आला. चहा पिताना ते बशीत थर रचून दाखवायचे : खाली पत्रा, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून शंभरेक मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा थोडं जाड. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास. आणि तीस हजारांचं सिरॅमिक? एक किंवा दोन मायक्रॉन. ‘मायक्रॉनला पंधरा हजार पडले,’ नाना बशी खाली ठेवून म्हणायचे, ‘आणि ऐका, हे लावायच्या आधी मशिनने पॉलिश करतात. का, तर गाडीवर जे ओरखडे असतील ते कोटिंगखाली कायमचे बंद होऊ नयेत म्हणून. त्या पॉलिशमध्ये तुमच्याच क्लिअर कोटचे दोन-तीन मायक्रॉन जातात. म्हणजे दोन मिळवण्यासाठी तीन घालवायचे! आमच्या बँकेत असा प्रस्ताव आला असता तर क्लार्कनेच परत पाठवला असता.’

एकदा काकूंनी मंडईतून अळू आणलं. फतफतं होणार होतं. नानांनी जुडीतलं सगळ्यात मोठं पान उचललं, त्यावर पाणी टाकलं आणि हिंदोळणारा तो थेंब बघून अक्षरशः खाली धावत आले. अळवावरचं पाणी आपण म्हणीत वापरून सोडून देतो. नानांनी ते पार्किंगमध्ये आणलं. पृष्ठभागाशी थेंबाचा जो कोन होतो तो नव्वद अंशांच्या वर गेला की पाणी चिकटायला नाखूश आहे असं समजायचं. चांगलं कोटिंग शंभर-एकशे दहाच्या आसपास जातं. अळूचं पान दीडशेच्या वर! त्या पानाला ना वॉरंटी, ना जीएसटी. नानांनी ते पान एकेका बॉनेटवर शेजारी ठेवून तुलना केली. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या कोटिंगवाल्या गाडीलाही अळूपुढे जेमतेम ‘हं’च मिळाला. त्या दिवशी जेवायला तीन वाजले. काकू मला म्हणाल्या, ‘आमच्याकडे अळूसुद्धा मंजूर झाल्याशिवाय फोडणीला पडत नाही.’

आणि त्या डॉक्टरांच्या गाडीवरच नानांना थेंबाचा दुसरा चेहरा दिसला. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात. ते पाणी जड, क्षारांनी भरलेलं. कोटिंगवरचा थेंब पळाला तर उत्तमच, पण जागीच थांबला आणि मे महिन्याच्या उन्हात सुकला की पाणी उडून जातं आणि क्षाराचं पांढरं कडं मागे राहतं. थेंब जितका टुमटुमीत, तितकं कडं ठसठशीत. वेळीच काढलं नाही तर कोटिंगमध्ये खोल मुरतं. म्हणजे ज्या थेंबाचे फोटो दाखवून हे लोक माल विकतात, त्याच थेंबाला टिपून घ्यायला तुम्ही फडकं घेऊन पळायचं! काकूंच्या स्वयंपाकघरातली व्हिनेगरची बाटली त्याच आठवड्यात नाहीशी झाली. डॉक्टर आता गाडी रस्त्यावर लावतात.

शेवटी सूचना फलकावर चेअरमननी कागद लावला : ‘सभासदांनी पार्किंगमध्ये इतरांच्या वाहनांवर पाणी ओतू नये.’ नाव कुणाचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्याखाली बारीक, टोकदार अक्षरात एक ओळ आली होती : ‘कोटिंग असलेली वाहने वगळून?’ अक्षर ६एचचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, माणूस नुसता वैताग आहे. आहेच. पण गाडी पुसणाऱ्या पोराचं प्रकरण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

सोसायटीत पहाटे एक पोरगा गाड्या पुसायला यायचा. एक बादली, एक फडकं. ते फडकं म्हणजे कुणाची तरी रिटायर झालेली बनियन. चौथ्या गाडीपर्यंत बादलीचं पाणी चहासारखं व्हायचं आणि त्याच पाण्यात पुढच्या दहा गाड्या आंघोळ करायच्या. सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर जे गोल गोल बारीक ओरखडे चमकतात, ते उन्हाने येत नाहीत आणि पावसानेही येत नाहीत. ते येतात या फडक्यात अडकलेल्या मातीने. हा शोध नानांनी टॉर्च मारून आम्हा सगळ्यांना गाडीगणिक दाखवला. ‘दरमहा पैसे देऊन तुम्ही स्वतःची गाडी घासून घेताय,’ ते म्हणाले, ‘आणि नंतर ते झाकायला तीस हजारांचं कोटिंग विचारताय.’ आम्ही हसलो, आणि पुढच्या महिन्याचे पैसे त्याच पोराला दिले. नानांनी मात्र त्याला दोन बादल्या आणून दिल्या : एक साबणाची, एक फडकं खळबळायची. मायक्रोफायबरची फडकी दिली, वरच्या भागाला वेगळी, चाकांना वेगळी. धुळीवर कोरडं फडकं फिरवायचं नाही, आधी पाणी मारायचं. वरून खाली यायचं, गोल गोल फिरवायचं नाही. दर रविवारी परीक्षा. परीक्षक नाना, हातात टॉर्च आणि पाण्याचा पेला.

पोरगा शिकला. इतका शिकला की बाणेरकडच्या एका डिटेलिंगच्या दुकानाने त्याला उचलला. आता तो तिथे मशिनने पॉलिश करतो आणि आमच्या गाड्या नवीन माणूस एका बादलीत पुसतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘चांगला मुलगा नानांमुळे गेला’ अशी तक्रार रीतसर नोंदवली गेली. नानांनी त्यावर काही हरकत घेतली नाही. मला वाटतं, इतिवृत्तातली ही एकच नोंद असावी जी त्यांनी न दुरुस्त करता मंजूर केली.

दसऱ्याला तो पोरगा आपट्याची पानं द्यायला आला, स्वतःच्या मोटरसायकलवर. नानांनी वही काढली. आतून, धंद्यातल्या माणसाचं, आपल्या पोराचं कोटेशन मिळणार होतं. प्रकरण एकदाचं मार्गी लागायची वेळ आली होती. त्याने बलेनोचं कव्हर काढलं, पंजा बॉनेटवरून हलकेच फिरवला, दार उघडून मीटर बघितला आणि म्हणाला, ‘नाना, चार हजार किलोमीटर फक्त? आणि सदा कव्हरखाली, सावलीत. तुम्ही कशाला करता? ज्यांची गाडी उन्हात उभी असते, रोज हायवेला पळते, ज्यांच्यावर कबुतरं बसतात, त्यांनी करावं. घाण लवकर सुटते, धुवायला सोपं जातं. ओरखडे आणि उडणारे खडे त्याने थांबत नाहीत. त्याला फिल्म लागते, ती लाखाच्या घरात. तुम्ही सहा महिन्यांनी वॅक्स लावा. मीच येऊन लावून देईन.’

म्हणजे निकाल लागला. फुकट, बिनचूक आणि पाच मिनिटांत.

नानांनी सोनं दिलं-घेतलं, पोराला चकल्या दिल्या, कव्हर घातलं आणि वर गेले. पुढे बरेच दिवस माझं बॉनेट कोरडं होतं. आधी बरं वाटलं. डॉक्टरही गाडी आत लावायला लागले. मग सकाळी जिन्यात नाना भेटायचे, ‘काय म्हणताय’ म्हणून पुढे जायचे, आणि माझ्या गाडीकडे बघायचेसुद्धा नाहीत.

नानांनी तीस-बत्तीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जं दिली. सोलापूर जिल्ह्यातल्या लहान लहान शाखा. विहीर, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, दोन म्हशी. बांधावर उभं राहून विहिरीला पाणी लागेल की नाही याचा अंदाज घ्यायचा आणि चुकला तर स्वतःच्या खुर्चीवर झेलायचा. टेबलावर फायलींचा ढीग आणि बाहेर बाकावर माणसं. सह्या करायला तेव्हा वेळ लागत नव्हता, कारण वेळ नव्हताच. पाणी टाकून, थांबून, तिरकी मान करून बघत बसायची चैन त्यांना निवृत्तीनंतर मिळाली, आणि फाईल मिळाली ती ही एकच. ती त्या पोराने सद्भावनेने बंद करून टाकली होती.

मला त्यात पडायची काही गरज नव्हती. वॅगनआरच्या दारावरची रेघ आठवून तर मुळीच नव्हती. तरी एका रविवारी वर गेलो. नाना पेपरातली निधनवार्तांची पानं सावकाश वाचत होते.

‘नाना, ते ग्राफिन कोटिंग म्हणून नवीन निघालंय, ऐकलंत का?’

पेपर खाली आला नाही.

‘पाण्याचे डाग कमी पडतात म्हणे त्याच्यावर. सिरॅमिकपेक्षा.’

‘म्हणे?’ पेपरामागून आवाज आला.

‘म्हणजे, तो दुकानदार म्हणत होता.’

पेपर खाली आला. ‘अगं, वही कुठंय?’ काकूंनी आतून माझ्याकडे जे बघितलं, ते लिहिण्यासारखं नाही. नानांनी चष्मा लावला, पट्टीने नवी रेघ मारली आणि पेन्सिल उचलली.

‘दर?’

मी सांगितला.

‘वॉरंटी? अटी?’

त्याही सांगितल्या, जेवढ्या आठवल्या तेवढ्या.

‘थेंबाचा कोन किती सांगितला?’

‘ते नाही विचारलं.’

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. सांगोल्याच्या शाखेतल्या बाकावर बसलेल्या कितीतरी माणसांनी ती नजर सोसली असेल. मग त्यांनी वही मिटली आणि माझ्या दिशेने हलकेच सरकवली.

‘कागदपत्रं अपुरी आहेत,’ ते म्हणाले. ‘पूर्ण करून सोमवारी या.’