न झालेल्या लढाईची साडेपाच वर्षं

सन १६४० मध्ये गोव्यातल्या डिचोलीत पोर्तुगीज आणि मराठे यांची लढाई जुंपली. ती पुढच्या वर्षापर्यंत चालली आणि शेवटी रीतसर तह होऊन थांबली. इंग्रजी विकिपीडियावर या लढाईचा लेख जुलै २००७ मध्ये आला. लांबी सुमारे साडेचार हजार शब्द, भाषा घोटीव, तळटिपा जिथल्या तिथे. दोन महिन्यांत त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. हा बिल्ला तिथल्या शंभर लेखांत एकाच्याही वाट्याला येत नाही.

अडचण एवढीच होती की अशी लढाई झालेलीच नव्हती.

हे ओळखायला पुराभिलेखागाराच्या पायऱ्या झिजवायची गरज नव्हती. महाराष्ट्रात चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकवतात, आणि वजाबाकी त्याच्याही आधी शिकवतात. शिवरायांचा जन्म १६३० चा, म्हणजे लढाईच्या वर्षी राजे दहा वर्षांचे. सईबाईंशी त्यांचं लग्न त्याच सुमारास झालेलं. वडील शहाजीराजे आदिलशहाच्या चाकरीत होते आणि डिचोलीही आदिलशहाचीच होती. पोर्तुगीजांशी लढाई करायला मराठ्यांचं राज्य मुळात अजून व्हायचं होतं. चौथीतल्या कुठल्याही चुणचुणीत पोराने हा लेख डबा खाता खाता निकालात काढला असता.

पण ते पोर इंग्रजी विकिपीडियावर गोव्याच्या लढाया तपासत बसलं नव्हतं. जे तपासत बसले होते, त्यांनी मथळे पाहिले, स्वल्पविराम पाहिले, तळटिपा मोजल्या. तळटिपांत ज्या पुस्तकांचे दाखले होते, त्यांतली काही कधी छापलीच गेली नव्हती. तळटीप दिसली की माणूस मनोमन हात जोडतो, पुस्तक उघडत नाही. ज्यांना माहीत होतं ते बघत नव्हते आणि जे बघत होते त्यांना माहीत नव्हतं. अशा रीतीने ही लढाई डिसेंबर २०१२ पर्यंत टिकली. १६४० ते १६४१ चाललेल्या मूळ लढाईपेक्षा तिचा लेखच जास्त वर्षं लढला! शेवटी कुठल्याशा सदस्याला ते दाखले शोधून पाहायची बुद्धी झाली, ते सापडेनात, आणि लेख उडाला. (डिचोलीला खरा इतिहास कमी नाही. तिथल्या नार्वे गावी शिवरायांनी १६६८ मध्ये सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, त्याचा शिलालेख दारावर आहे. पण दगडावर कोरलेल्या गोष्टीला बिल्ला कोण देणार?)

याच लेखाच्या अखेरच्या वर्षात फिलिप रॉथ हे अमेरिकन कादंबरीकार विकिपीडियाच्या दारात उभे होते. त्यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीचा नायक एका अमुक लेखकावरून बेतलाय, असं तिथे लिहिलेलं होतं. रॉथ यांचं म्हणणं, तो बेतलाय माझ्या एका प्राध्यापक मित्राच्या आयुष्यातल्या प्रसंगावरून. मीच लिहिलंय, मला ठाऊक आहे. उत्तर आलं त्याचा मथितार्थ असा, की आपल्या साहित्याचे आपण सर्वांत मोठे जाणकार आहात हे मान्य, पण आम्हाला दुसऱ्या कुणाचा तरी दाखला लागतो. सप्टेंबर २०१२ मध्ये रॉथ यांनी ‘द न्यू यॉर्कर’च्या संकेतस्थळावर लांबलचक अनावृत पत्र लिहिलं. मग विकिपीडियाने ते पत्र दाखला म्हणून घेतलं. म्हणजे रॉथ सांगतात ते चालत नाही, रॉथ सांगतात असं न्यू यॉर्कर सांगतो ते चालतं. आणि हे सगळं चाललेलं असताना डिचोलीची लढाई पलीकडच्या पानावर बिल्ला लावून निवांत बसली होती.

इथवर वाचून छापील कोशांचे अभिमानी मिशीला पीळ देतील. त्यांनी जरा दम धरावा.

१९३४ मध्ये निघालेल्या वेब्स्टरच्या भल्याथोरल्या कोशात ‘डॉर्ड’ असा एक शब्द होता. अर्थ दिला होता घनता. झालं होतं असं, की रसायनशास्त्राच्या संपादकांनी एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘डी ऑर डी’. म्हणजे घनतेसाठी डी हे अक्षर मोठं किंवा लहान, कसंही वापरतात. ही चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, मधली जागा कुणीतरी गिळली आणि इंग्रजीला एक नवा शब्द मिळाला. पगारी पंडितांनी भरलेल्या त्या कचेरीत १९३९ पर्यंत कुणालाच याचा पत्ता नव्हता. एका संपादकाला या शब्दाची व्युत्पत्तीच दिलेली नाही हे खटकलं, तेव्हा कुठे तो धरला गेला. पुस्तकातून मात्र तो १९४७ मध्ये गेला. छापील चुकीला पेन्शन मिळेपर्यंत हलवता येत नाही.

ही नजरचूक म्हणून सोडून देऊ. १९७५ च्या ‘न्यू कोलंबिया एन्सायक्लोपीडिया’त तर लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल नावाच्या बाई पंडितांनी समजून उमजून घुसवल्या. बाई आधी कारंजी घडवायच्या, मग छायाचित्रकार झाल्या, आणि ‘कम्बस्टिबल्स’ म्हणजे ज्वालाग्राही पदार्थांच्या मासिकासाठी काम करताना स्फोटात गेल्या. त्यांचा जन्म ओहायोतल्या बँग्ज गावचा! या बाई कधी जन्मल्याच नाहीत. दुसऱ्या कोशाने नोंद चोरली तर चोर सापडावा, म्हणून लावलेला तो सापळा असल्याचं सांगतात.

ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध शब्दकोशाला तर पंडितांचं काम म्हणावं की गर्दीचं, हाच प्रश्न आहे. संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये जाहीर आवाहन केलं: पुस्तकं वाचा, शब्दांची उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवा, आम्हाला पाठवा. चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. सर्वांत भरवशाच्या वाचकांपैकी एक होते डॉ. विल्यम मायनर. हे अमेरिकन लष्करी शल्यवैद्य लंडनमध्ये भ्रमाच्या भरात एकाला गोळी घालून ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंद होते, आणि तिथून हजारो चिठ्ठ्या धाडत होते. आज एखाद्या सदस्याने आपली ही माहिती दिली, तर विकिपीडियावर किती चर्चा झडेल!

पंडितांची खरी किंमत वेळेत मोजावी लागते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश सुरू झाला. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये. तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले तेव्हा ‘ज्ञ’ अजून लांब होता. पहिला खंड निघाला त्या वर्षी जन्मलेलं मूल शेवटचा खंड पाहायला चष्मा लावून आलं असेल. पण नोंद जाणकाराने लिहायची, दुसऱ्या जाणकाराने तपासायची, परिभाषा नसेल तर ती आधी घडवायची, म्हटल्यावर एवढा काळ लागणारच. विकिपीडियाच्या जनकांनीही आधी हाच मार्ग धरला होता. न्यूपीडिया या त्यांच्या प्रकल्पात प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या सात पायऱ्या चढायचा. वर्षभरात जेमतेम वीसेक लेख वर पोहोचले. मग २००१ च्या जानेवारीत पायऱ्या काढून दार सताड उघडलं.

पंडितांचा ब्रिटानिका कोश आणि उघड्या दाराचा विकिपीडिया यांचा सामना २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने लावला. विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांना दिले. ब्रिटानिकात १२३ चुका निघाल्या, विकिपीडियात १६२. गंभीर चुका दोघांच्याही चार-चार. ब्रिटानिकाने चिडून वीस पानी खुलासा काढला, नेचर हटलं नाही. विकिपीडियावाले दरम्यान आपल्या चुका दुरुस्त करून मोकळे झाले.

मात्र दार उघडं ठेवलं की कोण येईल हे सांगता येत नाही. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियावर वीस हजारांहून जास्त लेख एकाच अमेरिकन मुलाने लिहिले होते. सुरुवात केली तेव्हा तो बारा वर्षांचा. स्कॉट्स त्याला येत नव्हती. शब्दकोश पाहून इंग्रजी वाक्यात तिकडचे शब्द बसवायचा, आणि पुढे तिथला प्रचालक, म्हणजे कारभारीही झाला. स्कॉट्स बोलणारे लोक आपले इंग्रजी विकिपीडिया वाचत होते, त्यामुळे २०२० पर्यंत बोभाटा झाला नाही. झाला तेव्हा पोराला भरपूर शिव्या पडल्या. खऱ्या स्कॉट्सभाषकांनी दुरुस्तीलाही हात घातला, पण त्या भाषेचं सर्वमान्य प्रमाणलेखन नाही. पोराची चूक कुठली आणि शेजारच्या गावची बोली कुठली, इथूनच निवाडा करायचा होता.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. लग्नपत्रिकेतली वेलांटी चुकली म्हणून यजमानाला फोन करणारे तिथली चूक मात्र चार जणांना पाठवतात, ‘बघा काय लिहून ठेवलंय’ म्हणून. ‘संपादन’ ही अक्षरं तिथल्या मथळ्यांना लागूनच असतात, निळ्या रंगात.