तारखेनिशी

पोलादपुरात पाऊस पडला की त्याची बातमी आम्हाला मुंबईहून कळते. तिकडचे चाकरमानी नातेवाईक इतके दक्ष आहेत की दरड कोसळायच्या आधीच त्यांच्याकडे तिचा व्हिडिओ पोचलेला असतो.

मी मात्र फीडवाला. फीड म्हणजे १९९९ साली नेटस्केपनं सुरू केलेली साधी सोय. वेबसाइट आपल्या नव्या मजकुराची यादी एका फाइलीत ठेवते: मथळा, लिंक, तारीख, वेळ. आपला फीड रीडर अधूनमधून जाऊन "नवीन काही?" असं विचारतो. असलं तर घेऊन येतो, नसलं तर गुपचूप परततो. मला काय आवडेल, याचा विचार तो स्वतःच्या डोक्यानं करत नाही. १ जुलै २०१३ला गूगलनं आपला रीडर बंद केला, तेव्हा लोकांनी फीडचं तेरावंही उरकून टाकलं. माझा फीड मात्र फीडली नावाच्या रीडरवर सुखात आहे.

गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या काकांचा फोन आला. "अरे, आंबेनळी घाट गेला म्हणे!"

"काका, आत्ताच महाबळेश्वरची एसटी खाली उतरली."

"उतरेल कशी? निम्मा रस्ता दरीत दिसतोय इथे!"

तो व्हिडिओ मला पाठ आहे. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत घाट खरंच खचला होता, तेव्हाचा. त्यातला पिवळ्या रेनकोटातला माणूस अजून दर पावसाळ्यात "गाड्या आणू नका रे" म्हणून ओरडतो. इतकी वर्षं झाली, त्याला कुणी घरी जाऊ देत नाही.

"काका, तो २०२१चा आहे."

काका जरा थांबले. "मग मला आज कसा आला?"

यावर काय बोलणार? घटना कधीची का असेना, ग्रुपवर पडली तो तिचा वाढदिवस.

फीडलाही खोड आहेच. चार दिवस उघडला नाही की न वाचलेल्या बातम्यांचा आकडा सावकारासारखा तोंडाकडे बघत बसतो. शिवाय त्यात पोलादपूर सापडत नाही. सावित्री फुगली किंवा महामार्ग तुंबला, तरच आमचं नाव; एरवी या तालुक्यात काही घडत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. त्यामुळे घाटाची खबर घ्यायला मी स्टँडवरच जातो. वरून आलेला कंडक्टर तिकिटाचं मशीन काखोटीला मारून सांगतो, "अर्ध्या तासापूर्वी चालू होता. पुढचं मला विचारू नका." इतकी नेटकी बातमी मला फीडवरही क्वचित मिळते.

गणपतीत काका आले, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर मी फीड लावून दिला. चष्मा पुसून त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. प्रत्येक मथळ्याखाली तारीख, वेळ, अगदी मिनिटासकट.

"झकास आहे," काका म्हणाले. "फक्त ग्रुपवर टाकताना ही तारीख काढता येते का रे?"