पाणी मारलेली नोकरी

डोंबिवलीत आमच्या शेजारचे चिरंजीव बी.कॉम. झाल्यापासून नोकरी शोधण्याच्या नोकरीला लागले आहेत. वेळ सकाळी 11 ते रात्री 1, मधे जेवणाची सुट्टी, रविवारी ओव्हरटाइम. कामाला अवयव लागतो एकच, अंगठा. परवा गच्चीवर भेटले तेव्हा म्हणाले, "काका, 212 ठिकाणी अप्लाय केलंय." उत्तरं किती आली, विचारलं. "दोन. त्यातलं एक क्रेडिट कार्ड हवंय का म्हणून."

त्यांच्या वडिलांनी हा सगळा प्रवास कागदावर केलेला आहे. सेवायोजन कार्यालयाचं कार्ड त्यांनी बिस्किटांच्या डब्यात अजून जपून ठेवलंय. 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा त्या कार्यालयाला कळवणं बंधनकारक झालं. तिथल्याच यादीतून माणूस घ्यायचं बंधन मात्र कायद्याने घातलं नाही. म्हणजे मुली दाखवा, लग्न आम्ही दुसरीकडे करू. पुढे 1997 मध्ये नौकरी डॉट कॉम आलं, 2015 मध्ये केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस आलं, राज्याचं महास्वयंम आलं. डबा मोठा होत गेला, कार्डं आतच.

चिरंजीवांची शोधायची पद्धत मी जवळून पाहिली. शोधाच्या चौकटीत ते 'कल्याण' एवढंच लिहितात. मग त्यांना कोइमतूरमधली सोन्याच्या दुकानातली विक्रेत्याची जागा दिसते (त्या नावाची पेढी मूळची त्रिशूरची, तिचा यात काय दोष), पुण्याच्या कल्याणीनगरातलं कॉल सेंटर दिसतं आणि एका संस्थेतली बालकल्याण अधिकाऱ्याची जागा दिसते. डोंबिवली लिहावं तर इंग्रजीत तिचं स्पेलिंग प्रत्येक एचआर आपापल्या संस्कारांप्रमाणे करतो. कुणी मधे एक 'ए' जास्त घालतं, कुणी 'आय' घालतं. एका स्पेलिंगची नोकरी दुसऱ्या स्पेलिंगला ओळख देत नाही.

यावरचा उपाय फार जुना आहे. ज्या 1854 साली आगगाडी ठाण्याहून पुढे कल्याणला पोचली, त्याच साली जॉर्ज बूल नावाच्या गणित्याने विचारांच्या नियमांवर पुस्तक काढलं. त्याचं सार तीन शब्दांत मावतं: आणि, किंवा, नको. आजच्या बऱ्याच शोधयंत्रांना ते तिघे अजून कळतात. दोन शब्द जोडीने हवे असतील तर अवतरणचिन्हांत बांधायचे. गूगलवर नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावायचं. चिरंजीवांना हे बी.कॉम.ला कुणी शिकवलं नाही. त्यांच्या मातोश्री, म्हणजे आमच्या वहिनी, रोज संध्याकाळी स्टेशनबाहेर भाजीवाल्यासमोर हेच बोलतात: "मेथी किंवा पालक दे, कोथिंबीर आणि आलं दे, मुळांचा चिखल नको."

शेवटी मोबाइल वहिनींच्याच हातात गेला. दुपारी ओट्यापाशी भेंडी निवडत बसल्या होत्या. ओला हात पदराला पुसून त्यांनी पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवलं.

"ही कधीची?"

"आजची, आई."

"मागच्या महिन्यात हीच दाखवली होतीस ना?"

"परत टाकलीय त्यांनी."

"म्हणजे पाणी मारलंय." वहिनींनी भेंडीचं टोक वाकवलं. मोडलं नाही. भेंडी टोपलीबाहेर, जाहिरातही बाहेर.

तेव्हापासून त्या घरात 'गेल्या 3 दिवसांतल्या' एवढ्याच जाहिराती उघडतात. जाहिरात आवडली की वहिनी आधी त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन बघतात. दलालाकडे दिसतं ते शेतात आहे का, ही खात्री. मुलाच्या बायोडेटातला एखादा शब्द त्या दर सोमवारी बदलायला लावतात, कारण नुकती हालचाल झालेली माणसं पलीकडच्यांना यादीत वर दिसतात असं त्यांच्या कानावर आलंय. थोडक्यात, मुलावरही पाणी मारायचं.

नावांचा घोळही त्यांनीच सोडवला. कारकून ही जात या शहरातून नामशेष झाली, असा चिरंजीवांचा समज होता, कारण 'क्लार्क' लिहिलं की काही येतच नव्हतं. कारकून जिवंत आहे हो! तो आता बॅक ऑफिस एक्झिक्युटिव्ह, एमआयएस एक्झिक्युटिव्ह, अकाउंट्स पेएबल असोसिएट अशा नावांनी वावरतो. वहिनींनी सगळी नावं एका कागदावर उतरवली. गवारीला बावची म्हणणारा भाजीवालाही त्यांना ठाऊक आहे.

अंतराचा प्रश्न मात्र भाजीने सुटेना. संकेतस्थळ सांगतं, नवी मुंबईतलं महापे जवळच आहे. असेल, कावळ्याला. डोंबिवलीच्या माणसाला मधे पारसिकचा डोंगर लागतो. एकतर शिळफाट्याच्या कोंडीत बसायचं, नाहीतर उलटं ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बर पकडायची. कळवा-ऐरोली जोडमार्ग झाला की ठाण्याला उतरावं लागणार नाही; तो 'होतोय'. दिघा गावचं स्टेशन 2024 मध्ये उघडलं, एवढं पदरात. म्हणून वहिनी किलोमीटर बघत नाहीत, गाडी कुठे बदलायची ते बघतात.

मग एका 'कंपनी'चा फोन आला: निवड झाली, फक्त नोंदणीचे 1,500 रुपये भरा, पहिल्या पगारात परत. चिरंजीव यूपीआय उघडून बसले होते. वहिनींनी फोन घेतला. "अहो, पगार तुम्ही देणार की आम्ही?" पलीकडून फोन कट. त्यांनी तो नंबर 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवला आणि कुकर लावला.

काल संध्याकाळी मी चहाला बसलो असताना पुन्हा फोन वाजला. मुलगी इंग्रजीतून विचारत होती, आपण आमच्याकडे कोणत्या पदासाठी अर्ज केला होता? चिरंजीव गोंधळले. 212 पैकी कोणतं? वहिनींनी शांतपणे भिंतीवरचं कालनिर्णय उलटवलं. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर आणि प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात एकेक अर्ज. बोट फिरत फिरत संकष्टीच्या चौकटीवर थांबलं. फोन तळहाताने झाकून त्या कुजबुजल्या,

"अकाउंट्स, वागळे इस्टेट, चोवीस हजार. सरळ बस आधी, आणि तोंडातलं फरसाण गिळ."