तेराव्याचे पैसे, नातवाचा गृहपाठ

शेजारच्या वहिनींचा मुलगा अमेरिकेत, टेनेसीला एमबीए करतो. मध्यंतरी वहिनी वाटीभर साखर परत करायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आमचं बाळ तिकडे अणुभट्टीचे पैसे सांभाळतंय बरं का!" हे पोलिसांना आधी कळवावं की वहिनींच्या यजमानांना, म्हणजे भाऊंना, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. पण चौकशीअंती प्रकार सरकारमान्य निघाला.

टेनेसी व्हॅली अथॉरिटी ही तिकडची सरकारी वीजसंस्था. 1933 साली रूझवेल्टच्या राज्यात निघाली, धरणं बांधत बांधत अणुभट्ट्यांपर्यंत पोचली. आता अणुभट्टी म्हातारी झाली म्हणून कुलूप ठोकून गावी निघून जाता येत नाही. तिचं सगळं यथासांग करावं लागतं आणि त्या खर्चाची तजवीज ती जिवंत असतानाच करून ठेवावी लागते. आपली आजी तेराव्याचे पैसे ट्रंकेच्या तळाशी लुगड्याच्या घडीत ठेवायची, तसंच. तर 1998 साली या अथॉरिटीने ट्रंक उघडली, त्यातून 19 लाख डॉलर काढले आणि 19 विद्यापीठांतल्या पोरांना वाटले. म्हणाली, लावा शेअर बाजारात, हाच तुमचा अभ्यास. भट्ट्या अजून धडधाकट आहेत, हे सोडा. आजीही तेव्हा धडधाकटच होती, पण तिने नातवाला ट्रंकेची किल्ली दिली नव्हती.

मी बाळला फोन लावला. "किती फायदा केलास रे?"

"काका, फायद्याला मार्क नाहीत. कारणमीमांसेला आहेत."

शेअर का घेतला, याचा अहवाल लिहायचा, वर्गापुढे 'पिच' करायचं, मग मतदान. कुणाकडे औषधं, कुणाकडे बँका, बाळकडे ऊर्जा. (इथे असताना गॅसचा सिलिंडर लावायलाही तो आईला हाक मारायचा.) कंपनीची किंमत एक्सेलमध्ये काढतात. ती बाजारातल्या भावापेक्षा कमी आली, तर भविष्यातल्या वाढीच्या रकान्यात 2 च्या जागी 3 टाकायचा. कंपनीची तब्येत तत्क्षणी सुधारते. विकायचं पिच सहसा कुणी करत नाही. चुकीच्या खरेदीचा अहवाल लिहून झालेला असतो आणि तो फार छान झालेला असतो.

मापाला एस अँड पी 500 हा निर्देशांक. तो ना पिच करतो, ना मतदान. पाचशे कंपन्या काखोटीला मारून चालत राहतो. त्याला मागे टाकलं तर ते कौशल्य, विद्यापीठाला बक्षीसही मिळतं. मागे पडलं तर तो 'शिकण्याचा अनुभव'. मागे पडलेले बडे फंड व्यवस्थापक हा अनुभव पगार घेऊन वर्षानुवर्षं घेतात, तेव्हा पोरांना हसणं बरं नव्हे.

खरी गंमत वेळापत्रकात आहे. शेअर नोव्हेंबरात घ्यायचा, परीक्षा डिसेंबरात. जानेवारीत वर्गात नवी मुलं. त्यांना वारसाहक्काने मिळतात कुणीतरी मोठ्या उमेदीने घेतलेले शेअर आणि त्यांची सुबक बांधणीतली कारणं.

तरी आपल्याकडच्यापेक्षा हा अभ्यासक्रम सोज्वळ म्हणायचा. आपल्याकडे वायदे-ऑप्शनचं मुक्त विद्यापीठ आहे. प्रवेश मोबाईलवर, हजेरीची सक्ती नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये त्याचा निकालच लावला: तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक विद्यार्थी, 93 टक्के नापास, सर्वांनी मिळून भरलेली फी 1 लाख 80 हजार कोटी रुपयांहून जास्त. पदवी नाही, कारणमीमांसा तर कुणी विचारलीच नाही. मग जानेवारी 2025 मध्ये सेबीने शिकवणीवाल्यांना बजावलं की शिकवताना तीन महिन्यांपूर्वीचेच भाव दाखवा. म्हणजे तिकडे पोरांच्या हाती ताजे भाव आणि भट्टीचे पैसे. इकडे वर्गात शिळे भाव आणि वर्गाबाहेर बापाचे ताजे पैसे.

डिसेंबरात बाळला 'ए' मिळाला. वहिनींनी पेढे वाटले. मी विचारलं, "आणि तो शेअर?"

"पडला," भाऊ म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले. मुदत ठेवीपलीकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. "पण तो आता पुढच्या मुलांकडे आहे म्हणे."

सुट्टीत बाळ घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने वडिलांच्या ठेवींवर पिच केलं. सोळा स्लाइड, तीन आलेख. भाऊंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, पेढा खाल्ला आणि लाइटबिल त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"हे आधी ऑनलाइन भर. ओटीपी माझ्या मोबाईलवर येईल, तो मी सांगेन."