'मधुमेहींसाठी खास' बनवणाऱ्यांना अनावृत पत्र

मधुमेहींसाठी बिस्किटं, चिवडे आणि डबाबंद शेक बनवणाऱ्या समस्त कारखानदार मंडळींना,

सा. न. वि. वि.

मेटफॉर्मिनच्या गोळ्या आणायला जावं, तर काउंटरवर तुमचा हिरवा डबा हजर. कुणी लिहून दिलेलं नसताना औषधांच्या पंगतीत जाऊन बसायची ही युक्ती फार आवडली. दुकानदारही तो गोळ्यांच्याच गांभीर्याने पिशवीत घालतो, त्यामुळे घरी येईपर्यंत बिस्किटांचं पथ्य झालेलं असतं.

पुढच्या बाजूला 'शुगर-फ्री' एवढं ठळक, की सोसायटीच्या गेटवरून वाचता यावं. मागचं वाचायला मोबाइलचा टॉर्च लागतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं सक्तीचं, म्हणून पहिला मैदा, पाठोपाठ पामतेल, मग माल्टिटॉल. आणि खाली, अगदी मुंगीच्या पावलांनी, जुलाब होऊ शकतील अशी सूचना. शंभर ग्रॅममागे साखर ०.५ ग्रॅमच्या वर नसली की 'शुगर-फ्री' म्हणता येतं, तेव्हा तुम्ही नियमात चोख. मैद्याचं ग्लुकोज होतं ते आमच्या पोटात, तुमच्या कारखान्यात नव्हे. माल्टोडेक्स्ट्रिन तर नावाने साखर नाहीच, रक्तात मात्र जवळजवळ ग्लुकोजच्याच वेगाने चढतं. (अंजीर बर्फीवाल्यांना वेगळं पत्र लिहिणार आहे. वरून साखर घातली नाही म्हणे! सुक्या अंजिरात जवळपास निम्मी साखर देवानेच घालून ठेवलीय.)

खरी दाद द्यायची ती शेकला. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासाचे निकाल २०१७ साली आले. टाइप २ मधुमेहाचं निदान होऊन सहा वर्षं न उलटलेली, इन्सुलिन न घेणारी माणसं तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींच्या शेक आणि सूपवर राहिली, आणि वर्षअखेर त्यांतल्या ४६ टक्क्यांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. मात्र त्यांनी शेक घेताना जेवण बंद केलं होतं, तेही दवाखान्याच्या देखरेखीखाली.

आमच्या घरी शेक येतो पोह्यांनंतर. चमच्याने कितीही ढवळा, गुठळ्या तळाशी आणि व्हॅनिलाचा वास वर. "एवढ्या पातळ पाण्यानं काय होतंय," म्हणत ही शेजारी बिस्किटं ठेवते, तीही तुमचीच. दुपारचं जेवण वेळेवर असतंच. संध्याकाळी भाचेसून डबा पुढे सरकवते, "घ्या हो मामा, तुमच्यासाठीच आणलाय." घरचा आग्रह आजवर डॉक्टरांना घाबरून असायचा; तुम्ही त्याला डॉक्टरांच्याच बाजूला नेऊन बसवलंत.

जर्मनीने २०१० साली नियम बदलून खाऊवर 'मधुमेहींसाठी' छापायची सोयच काढून घेतली आणि जुना माल संपवायला २०१२ पर्यंत मुदत दिली. मधुमेह्याला वेगळा खाऊ लागत नाही, असं तिथल्या तज्ज्ञांचं मत. अरसिक लोक! आम्ही एवढं टोकाचं मागत नाही. फक्त शेकच्या डब्यावर, 'मधुमेहींसाठी' ज्या टायपात छापता त्याच टायपात, 'जेवणाऐवजी. जेवणानंतर नव्हे' एवढं मराठीत छापा. खप निम्म्यावर आला तर कळवा.

आपला नम्र,
एक गिऱ्हाईक

ता. क. डब्याबरोबर फुकट आलेल्या शेकरमध्ये ताक उत्तम होतं. झाकण गळतं, तेवढं बघा.