उघडलंच आहे तर...

आमच्या घरात मोटारीचं सगळं ज्ञान बायकोकडे आहे. माझ्याकडे टॉर्च आहे. ही कोल्हापूरची, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या फोरमनची लेक. नोकरीसाठी आम्ही श्टुटगार्टला आलो तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी बघण्यासारख्या ठिकाणांची यादी हातात दिली. तीत पोर्शेचं म्युझियम होतं. इतर लोक म्युझियम बघून येताना फ्रिजला लावायचं चुंबक आणतात. हिने गाडी आणली.

म्युझियममधून नव्हे, एका निवृत्त दंतवैद्याकडून. पोर्शे 944 टर्बो, लाल, 1987 सालची. (या लेखात ‘ही’ म्हणजे बायको. गाडीला मी ‘गाडी’च म्हणणार आहे. मागे एकदा फोनवर बोलताना गोंधळ झाला होता आणि तो निस्तरायला बराच वेळ लागला.) 911 वाले लोक 944 ला सख्ख्यात धरत नाहीत. इंजिन मागे नाही, पुढे आहे; सिलिंडर सहाऐवजी चार; आणि जन्म श्टुटगार्टचा नाही, तासाभराच्या अंतरावरच्या नेकारसुल्मचा, तोही ऑडीच्या कारखान्यातला. लग्न जुळवताना मुलाकडच्यांपासून ज्या गोष्टी लपवाव्यात, त्या सगळ्या.

टर्बो म्हणजे इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्राच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. वाया जाणाऱ्याचं काहीतरी करायचं, ही कल्पना माझ्या आईलासुद्धा पटली. फक्त ती हवा मागितल्याबरोबर येत नाही. इंजिन 3000 फेऱ्यांच्या खाली असेपर्यंत गाडीला आपण कशासाठी जन्माला आलो ते आठवत नसतं. त्यानंतर एकदम आठवतं आणि माझं डोकं मागे आपटतं.

कारखान्याने या इंजिनातून 220 अश्वशक्ती काढली होती. सुज्ञ माणसाने तेवढ्यात भागवलं असतं. दंतवैद्य सुज्ञ नव्हते. त्यांनी चिप बदलली, टर्बो मोठा बसवला, हवेचा दाब वाढवला आणि आकडा 300 च्या घरात नेला. मात्र ही ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचवणारा सगळा जामानिमा होता तसाच ठेवला. नाकापेक्षा मोती जड, आणि नाक मूळचं 1987 चं.

ते नाक ऑटोबानवर गेलं. चौथ्या गिअरमध्ये हिने पाय दिला, फेऱ्यांचा काटा सरसर चढला आणि वेगाचा काटा जागचा हलेना. इंजिन राबत होतं, चाकांना त्याचा पत्ता नव्हता. “क्लच घसरतोय,” ही म्हणाली. आवाजात काळजी होती असं मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

रात्री सासरे व्हिडिओ कॉलवर आले. “क्लच प्लेट? त्यात काय हाय! आमच्या डेपोत सकाळी गाडी आत घेतली की दुपारच्या फेरीला भायेर.”

“अण्णा, या गाडीत क्लच पुढे आणि गिअरबॉक्स मागे आहे.”

“मागं म्हंजे?”

म्हणजे अगदी मागच्या चाकांपाशी. क्लच पुढे इंजिनाला चिकटलेला, गिअरबॉक्स मागे, आणि दोघांच्या मध्ये एक लांब जाड नळी; तिच्या पोटात इंजिनाच्याच वेगाने फिरणारा दांडा. गाडीचं वजन पुढेमागे जवळजवळ सारखं वाटलं जावं म्हणून केलेली ही युक्ती. वळणावर तिचा गुण येतो, हे मलाही बसल्या जागी कळतं. पण पुढचा क्लच काढायचा तर सुरुवात शेपटीकडून. आधी सायलेन्सर, मग दोन्ही बाजूंचे एक्सल, मग गिअरबॉक्स खाली घ्यायचा, मग ती नळी मागे ओढायची, मग बेल हाउसिंग, आणि तिथेही टर्बोकडे जाणारा पाइप आडवा. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे द्राविडी प्राणायाम,” ते म्हणाले. पोर्शेच्या अभियांत्रिकीचं इतकं नेमकं मूल्यमापन मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरायला मनाई आहे, आणि रविवारी तर इथे मोठ्याने हातोडी मारायचीही चोरी. त्यावर जर्मन लोकांनी तोडगा काढला आहे: तासाच्या भाड्याने वर्कशॉप मिळतं. लिफ्ट, पाने, तेल टाकायचं पिंप, सगळं. गाडी वर चढली की मीटर पडलं. त्यानंतर गंजलेला प्रत्येक बोल्ट युरोत मोजायचा.

एक्सलचे बोल्ट चोवीस. त्यांच्या डोक्यात बारा टोकांची खाच असते आणि खाचेत कित्येक वर्षांचं वाळलेलं ग्रीस. ते खरवडून काढल्याशिवाय पाना तळापर्यंत बसत नाही; अर्धवट बसवून जोर लावला की खाच गुळगुळीत, मग ड्रिल आणि देव. हिने खिशातून स्टीलची एक बारीक, टोकाला वाकवलेली आकडी काढली. दंतवैद्याने ती गाडीबरोबरच दिली होती, कशासाठी ते आता कळलं. ही एकेक तोंड साफ करत गेली, मी उजेड धरून होतो. ‘आ करा’ म्हणायचं तेवढं राहिलं. टूलबॉक्सवर उभ्या केलेल्या फोनमधून अण्णा अधूनमधून बोलत होते, “जावईबापू, उजेड बोल्टावर. पोरीच्या डोळ्यांत नको.”

पुढच्या शनिवारी क्लच प्लेट हातात आली. अस्तर झिजून रिव्हेटांपर्यंत पोचलं होतं. या प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगांऐवजी रबर होतं, गिअर पडताना हिसका बसू नये म्हणून भरलेलं. बोटाने दाबलं तर त्याचा काळा तुकडा सुटून माझ्या तळहातावर पडला. फ्लायव्हील तापून जागोजागी निळं पडलं होतं. ही त्या निळ्या डागांवरून अंगठा फिरवत होती, आणि फिरवता फिरवता म्हणाली, “उघडलंच आहे तर...”

हे वाक्य कुणीच पुरं करत नाही. उरलेलं बिलात येतं.

उघडलंच आहे तर प्लेट स्प्रिंगवाली घालू. ती घातली तर प्रेशर प्लेटही जबर हवी. ती जबर झाली की पेडल जड होणार, म्हणजे क्लचचे दोन्ही सिलिंडर नवे. नळी बाहेर आहेच, तर तिच्यातली बेअरिंगं. इंजिनाचं मागचं ऑइल सील तर समोरच दिसतंय. आणि गिअरबॉक्स खाली उतरलेलाच आहे. इथे मी हरकत घेतली. त्यावर हिने दाखला काढला: 1988 साली कारखान्याने 250 अश्वशक्तीची टर्बो एस काढली, तेव्हा तिला दोन्ही चाकांना धरून ठेवणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं तेल थंड करायची सोय दिली. तीस घोडे वाढल्यावर खुद्द पोर्शेला मागचं बघावं लागलं. आपले तर ऐंशी वाढलेत. याला उत्तर नाही. मी शोधलं.

जोडणी करताना हिने बेल हाउसिंगवरच्या सेन्सरांसाठी 0.8 मिलिमीटरची फट फिलर गेजने मोजली आणि पुन्हा मोजली. तिथे चूक झाली की इंजिन कुठल्या अंशात आहे ते कॉम्प्युटरला कळत नाही आणि गाडी चालूच होत नाही. तेवढा वेळ फोनमध्ये अण्णाही गप्प होते. नंतर म्हणाले, “हात माझा हाय तिचा.” कागदांचं काम त्यापेक्षा लांबलं. तीस वर्षं उलटलेल्या गाडीला इथे ऐतिहासिक वाहन म्हणून नंबरप्लेटवर ‘एच’ अक्षर मिळतं, पण बदल शोभतील असे, त्या काळातले हवेत आणि ताकद वाढवली असेल तर तिची नोंद हवी. हिची फाइल बघून तपासनीस खूश झाला. आमच्या लग्नाच्या नोंदणीला एवढे कागद लागले नव्हते.

मग गाडी रस्त्यावर आली. पेडल इतकं जड, की सिग्नलला थांबताना ही दर वेळी आधी न्यूट्रल करते. पण क्लचने धरलं, दांड्याने ताकद मागे नेली, डिफरन्शियलने तिची दोन्ही चाकांत नीट वाटणी केली, आणि पावसाने ओल्या झालेल्या चौकात दोन्ही टायर जागच्या जागी गरगरले.

“टायर फिरत्यात?” अण्णा म्हणाले. “आमच्याकडं ही अडचण न्हाई. खड्ड्यात टायरला फिरायला जागाच गावत न्हाई.”

टायरच्या पुढे फक्त रस्ता उरतो, तो जर्मन सरकारचा आहे आणि तो काही उघडता यायचा नाही, एवढं मी म्हणून ठेवलं. ही रुंद रिमांचे भाव बघत होती.